दोन रंगांची, दोन्ही बाजूंनी घालता येणारी ब्रिओश टोपी: पहिल्यांदा विणणाऱ्यांसाठी

ब्रिओश म्हणजे टाके सरकवत, त्यांच्यावर धागा घेत विणायची फुगीर, मऊ वीण. एक सुलट, एक उलट येत असेल, तर ही टोपी तुम्हाला विणता येईल. बाहेरून फिकट रंगाच्या उभ्या रेघा आणि त्यांच्या खाचांत गडद रंग. टोपी उलटी केली की गडद रेघा वर आणि फिकट रंग खाचांत. अस्तर नाही, चुकीची बाजू नाही. कड दुमडली की दुसरा रंग पट्टीसारखा पुढे येतो. हे सगळं फक्त दोन फेऱ्यांतून होतं आणि त्या दोन फेऱ्याच शेवटपर्यंत आलटूनपालटून विणायच्या असतात.

तरी नवखे लोक इथे अडकतात, कारण ते फेऱ्या पाठ करतात आणि सुईकडे बघत नाहीत. मध्येच दाराची बेल वाजली, विणकाम खाली ठेवलं, की पुढे काय विणायचं ते कळत नाही. म्हणून या लेखात माझा सगळा भर टाके वाचण्यावर आहे. ते जमलं की लिहिलेली कृती बाजूला ठेवता येते.

काय काय लागेल

लोकर मध्यम जाडीची घ्या, म्हणजे १०० ग्रॅमच्या गुंड्यात साधारण २०० मीटर धागा असणारी. दोन्ही रंगांची जाडी सारखी हवी, आणि शक्यतो एकाच कंपनीची एकाच प्रकारची लोकर हवी. पहिल्या टोपीसाठी वर्धमान, गंगा, ओसवाल यांची साधी ॲक्रिलिक किंवा मिश्र लोकर पुरेशी आहे. पुण्यात असाल तर तुळशीबागेत एक चक्कर मारा. रंग हातात धरून शेजारी शेजारी ठेवून बघण्याला पर्याय नाही. मोठ्या माणसाच्या टोपीला प्रत्येक रंगाची साधारण ६० ग्रॅम लोकर लागते. ही वीण लोकर खूप खाते, म्हणून प्रत्येकी १०० ग्रॅमचा गुंडा घेतलेला बरा. धागा गुळगुळीत आणि चांगला पिळाचा असावा. केसाळ मोहेर किंवा झुपकेदार फॅन्सी लोकर पहिल्या खेपेला नको. त्यात टाका दिसत नाही आणि उसवायची वेळ आली तर धागे एकमेकांत अडकून बसतात.

रंगांत ठळक फरक हवा. मरून आणि गडद निळा दुकानात सुरेख दिसतात, पण विणताना संध्याकाळच्या उजेडात दोन्ही काळेच वाटतात. मोबाईलवर दोन्ही गुंड्यांचा फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाईट करा. करड्या छटा वेगळ्या दिसल्या तर जोडी चालेल. मोहरी पिवळा आणि जांभळा, दुधी आणि बाटली हिरवा, फिकट राखाडी आणि वाइन या जोड्या मला आवडतात.

सुई गोल हवी: ४ मिमी जाडीची, ४० सेंमी लांबीची. वरचा भाग अरुंद होत जातो, तेव्हा त्याच जाडीच्या पाच दुटोकी सुया लागतील. किंवा ८० सेंमीची लांब गोल सुई घेऊन केबलचा फास बाहेर काढत विणता येईल, ज्याला मॅजिक लूप म्हणतात. पोनी आणि निटप्रो या दोन्ही कंपन्यांच्या अशा सुया आपल्याकडे मिळतात. लोकरीच्या वेष्टनावर बहुधा ४.५ किंवा ५ मिमी सुई सुचवलेली असते. ब्रिओश मुळातच सैल पडतं, म्हणून आपण मुद्दाम बारीक सुई घेतो आहोत. शिवाय टाके घालायला एक ४.५ किंवा ५ मिमीची सुई, दोन मार्कर (फेरीची सुरुवात दाखवायला सुईवर घालायच्या कड्या), क्रोशाचा हुक, बोथट टोकाची सुई आणि दोन-तीन सेफ्टी पिना जवळ ठेवा.

पदर म्हणजे काय

या विणीचा सगळा जीव एका हालचालीत आहे. टाका न विणता सरकवायचा आणि धागा त्याच्या डोक्यावरून घ्यायचा. मी त्या धाग्याला पदर म्हणते, कारण तो टाक्याच्या डोक्यावर तसाच बसतो. पुढच्या फेरीत तो टाका आणि त्याचा पदर दोन्ही मिळून एक टाका म्हणून विणायचे. बास, एवढंच.

इंग्रजी कृतींत तुम्हाला बीआरके, बीआरपी असे शब्द दिसतील. मूळच्या अमेरिकन, पण अ‍ॅमस्टरडॅममध्ये राहणाऱ्या नॅन्सी मर्चंट यांनी ही वीण जगभरच्या विणणाऱ्यांपर्यंत नेली आणि हे संक्षेपही त्यांच्यामुळेच रुळले. बीआरके म्हणजे पदरासकट सुलट, बीआरपी म्हणजे पदरासकट उलट. एसएल१वायओ म्हणजे टाका सरकवून पदर घेणे.

टोपीला हात घालण्याआधी एका रंगात एक तुकडा विणा. २४ टाके घाला. पहिली ओळ: धागा पुढे आणा, एक टाका सरकवा, धागा सुईवरून मागे न्या, पुढचा टाका सुलट, असं शेवटपर्यंत. दुसऱ्या ओळीपासून कायम एकच ओळ: एक टाका सरकवून पदर, पुढचा टाका पदरासकट सुलट. टाका सरकवताना सुई उलट टाक्याला घालतो तशी घालायची, म्हणजे टाका पिळला जात नाही. पहिल्या चार-सहा ओळींत काहीच आकार दिसणार नाही. बोटभर विणल्यावर फुगीर, मऊ पट्ट्या उठायला लागतात. १२ सेंमी विणून टाके सैल बंद करा, तुकडा भिजवून वाळवा आणि मग मोजा.

माप आणि टाके

तुकडा न ओढता सपाट ठेवा आणि १० सेंमीत किती टाके बसतात ते मोजा. दर्शनी फक्त सुलट रांगा दिसतात, खाचेतली उलट रांगही मोजायची असते. म्हणून दिसणाऱ्या रांगा मोजून दुप्पट करा. माझ्या हाताने ४ मिमी सुईवर १० सेंमीत १६ टाके येतात.

टोपी डोक्यापेक्षा लहानच विणायची, कारण ब्रिओश भरपूर ताणलं जातं. डोक्याच्या घेराच्या ८० टक्के धरा. घेर ५६ सेंमी असेल तर ४५ सेंमीची टोपी, आणि १० सेंमीत १६ टाके या हिशेबाने ७२ टाके. तुमच्या तुकड्यात १४ टाके आले तर सुई एक नंबर बारीक करा. १८ आले तर जाड करा. टाक्यांचा आकडा १२ ने भाग जाणारा ठेवला की वरचे टाके कमी करणं सोपं जातं. म्हणून ६०, ७२ किंवा ८४. पुढची कृती ७२ ची आहे.

सुरुवात

गडद रंगाने, जाड सुईवर, नेहमीच्या दोन धाग्यांच्या पद्धतीने ७२ टाके घाला. लांब शेपूट ठेवून अंगठ्यावर आणि तर्जनीवर धागा घेऊन घालतो, तीच ही पद्धत. हात सैल ठेवा. कड आवळली तर वरचं अंग कितीही ताणलं गेलं तरी टोपी कपाळावर काचते. हात बसल्यावर इटालियन पद्धतीने टाके घालायला जरूर शिका, तिची कड दोन्ही बाजूंनी सारखी गोलसर दिसते.

टाके ४ मिमीच्या गोल सुईवर घ्या. सगळ्या टाक्यांच्या गाठी खालच्या बाजूला आल्या आहेत ना, मध्येच पीळ पडलेला नाही ना, हे टेबलावर ठेवून नीट बघा. पीळ राहिला तर तो नंतर काढता येत नाही. मार्कर घाला आणि गोल जोडा. गडद धागा आता पुढे, म्हणजे तुमच्या बाजूला, सोडून द्या. फिकट धागा मागून घ्या. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे ते फार उपयोगी पडणार आहेत.

*पायाची फेरी (फिकट):* एक सुलट, धागा पुढे आणून एक टाका सरकवा, धागा सुईवरून मागे घेऊन पुढचा सुलट. असं शेवटपर्यंत. शेवटचा टाका सरकवल्यावर धागा सुईवरून मागे घ्या म्हणजे त्याचाही पदर पुरा होतो, आणि फिकट धागा मागेच सोडा.

आता सुईकडे बघा. सुलट टाके फिकट आणि उघडे आहेत. सरकवलेले टाके, जे पुढे उलट विणायचे आहेत, गडद आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर फिकट पदर आहे.

त्या दोन फेऱ्या

*गडद फेरी:* गडद धागा पुढेच आहे. पहिला, फिकट टाका सरकवा. मग धागा सुईवरून मागे आणि सुईंच्या मधून परत पुढे आणा, कारण पुढचा टाका उलट विणायचा आहे. पुढचा टाका पदरासकट उलट. *सरकवून पदर, पदरासकट उलट* असं शेवटपर्यंत. शेवटच्या उलट टाक्यानंतर धागा पुढेच सोडा.

*फिकट फेरी:* फिकट धागा मागून उचला. पहिला टाका त्याच्या गडद पदरासकट सुलट. धागा पुढे आणा, गडद टाका सरकवा, धागा सुईवरून मागे; पुढचा पदरासकट सुलट. *पदरासकट सुलट, सरकवून पदर.* शेवटी पदर पुरा करून धागा मागे सोडा.

पुढे फक्त या दोन फेऱ्या.

गडद फेरीतला पदर थोडा वेळ घेतो आणि बहुतेकांची चूक तिथेच होते. फिकट फेरीत धागा पुढून सुईवरून मागे गेला की काम झालं, कारण पुढचा टाका सुलट आहे. गडद फेरीत तो सुईभोवती पूर्ण वेढा घेऊन पुढे यायला हवा. हा वेढा अर्धवट राहिला तर पदर सुईवर नसतोच, नुसता धागा टाक्याच्या पुढून आडवा जातो. पहिल्या काही फेऱ्या प्रत्येक टाक्याला थांबून बघा: सुईवर टाका आणि पदर असे दोन धागे तिरके जोडीने दिसतात का?

आणि धागे कुठे सोडायचे, तर फिकट मागे, गडद पुढे. नेहमी. हा नियम पाळला तर जोडावर धागे एकमेकांत अडकत नाहीत आणि शेवटच्या टाक्याचा पदर हरवत नाही. गुंडेही तसेच ठेवा, एक डावीकडे, एक उजवीकडे.

काही फेऱ्यांनी वीण बाळसं धरते. बाहेरून फिकट रांगा फुगून येतील. टोपीत डोकावलं तर आत गडद रांगा तशाच फुगलेल्या दिसतील. हा क्षण फार सुखाचा असतो.

मध्येच थांबलात तर

मार्करपाशी थांबला असाल तर एकच प्रश्न विचारा: पदर कोणाच्या डोक्यावर आहे? फिकट, सुलट टाक्यांवर पदर असेल तर आता फिकट फेरी. गडद, उलट टाक्यांवर असेल तर गडद फेरी. ज्याच्या डोक्यावर पदर, त्याला विणायचं. जो उघडा, त्याला सरकवून पदर द्यायचा. फेरीच्या मध्ये थांबला असाल तरी हाच नियम डाव्या सुईवरच्या टाक्यांना लावा. शेजारी शेजारी दोन उघडे टाके किंवा दोन पदरवाले टाके दिसले तर कुठेतरी चूक आहे, पुढे जाऊ नका.

चुका आणि दुरुस्ती

सगळ्यात जास्त होते ती हरवलेल्या पदराची चूक. टाका उघडा दिसतो आणि त्याच्या शेजारी धाग्याची एक आडवी रेघ लोंबत असते. तीच रेघ डाव्या सुईच्या टोकाने उचलून टाक्यावर ठेवा आणि दोन्ही मिळून विणा. मार्करपाशी, किंवा मॅजिक लूपमध्ये सुया बदलतात तिथे, पदर घसरून मार्करच्या पलीकडे जातो. तिथे प्रत्येक फेरीत नजर हवी.

टाका सुटला तर पहिली गोष्ट म्हणजे ओढाताण करू नका. लगेच सेफ्टी पिनेत अडकवा. नंतर शांतपणे बघितलं तर त्या टाक्याच्या वर शिडीसारखे आडवे धागे दिसतील, एक गडद, एक फिकट. फिकट रांगेतला टाका असेल तर बाहेरच्या बाजूने हुकवर टाका घ्या, त्याच्यावर वरचा गडद धागा पदर म्हणून घ्या, आणि त्यावरचा फिकट धागा दोघांमधून ओढून काढा. गडद रांगेतला असेल तर टोपी आतून बाहेर करून, रंगांची अदलाबदल करून हेच करा. दोन्ही बाजू सारख्या असण्याचा हा मोठा फायदा आहे.

उसवायला ही वीण कठीण आहे, हे खरं. उसवताना पदर आणि टाके वेगळे होतात आणि कोण कोणाचा ते कळत नाही. म्हणून जीवनदोरी घाला: दर ५ सेंमीवर, गडद फेरी संपली की बोथट सुईत वेगळ्या रंगाचा बारीक गुळगुळीत दोरा ओवून तो सगळ्या टाक्यांतून, पदरांसकट, घालून ठेवा. काही बिघडलं तर निर्धास्तपणे तिथपर्यंत उसवा. वेळ जातो, पण पहिल्या टोपीला हे टाळू नका.

उंची

कड दुमडणार असाल तर २१ ते २२ सेंमी विणा, नसाल तर १६ ते १७ सेंमी. मी दुमडायच्याच बाजूने आहे; दोन रंग एकाच वेळी दिसतात आणि कानांवर दुहेरी थर येतो. मोजताना टोपी टेबलावर सपाट ठेवा. सुईवर लटकती मोजली तर स्वतःच्या वजनाने लांब दिसते. गडद फेरी संपवून थांबा.

वरचे टाके कमी करणे

ब्रिओशमध्ये एक टाका कमी केला तर सुलट-उलटचा क्रम मोडतो. म्हणून नेहमी दोन एकदम कमी करायचे, आणि तेही फिकट फेरीत. पहिला सुलट टाका पदरासकट, सुलट विणताना घालतो तशी सुई घालून, उजव्या सुईवर सरकवा. पुढचा गडद टाका आणि त्याच्या पुढचा फिकट टाका, त्याच्या पदरासकट, एकत्र सुलट विणा. मग सरकवलेला टाका पदरासकट त्यावरून ओलांडून खाली सोडा. तीन टाक्यांचा एक झाला आणि तो फिकटच राहिला. खाली याला ‘घट’ म्हटलं आहे.

पहिली घट फेरी: *घट, सरकवून पदर, मग (पदरासकट सुलट, सरकवून पदर) ४ वेळा* हे सहा वेळा करा, ६० टाके राहतील. मग तीन साध्या फेऱ्या: गडद, फिकट, गडद.

दुसरी घट फेरी तशीच, पण कंसातलं ३ वेळा; ४८ टाके. पुन्हा तीन साध्या. इथपासून टाके ४० सेंमीच्या सुईवर ताणले जातात, दुटोकी सुयांवर घ्या.

तिसरी, कंसातलं २ वेळा, ३६ टाके. तीन साध्या फेऱ्या.

चौथी, कंसातलं एकदा, २४ टाके. आता फक्त एक गडद फेरी.

पाचवी: *घट, सरकवून पदर*, १२ टाके. एक गडद फेरी विणून थांबा.

घट नेहमी आधीच्या घटीच्या डोक्यावरच येते. सहा रेघा डावीकडे झुकत मध्यभागी जमतात. आतल्या बाजूला त्या जागी गडद रांगा एकेक करून नाहीशा होताना दिसतात, आणि तेही छान दिसतं.

दोन्ही धागे २५ सेंमी ठेवून कापा. फिकट धागा बोथट सुईत ओवून १२ ही टाक्यांतून, पदरांसकट, दोनदा फिरवा आणि हळूहळू आवळा.

टोकं लपवणे

साध्या टोपीत टोकं आतून शिवून टाकतो. इथे आतलं असं काही नाही. पण फुगीर रांगेच्या पोटात जागा असते. फिकट टोक फिकट रांगेच्या आतून ५ ते ६ सेंमी खाली न्या, परत वर आणा आणि कापा. गडद टोक गडद रांगेत. पलीकडच्या बाजूने सुई दिसत नाही ना, हे प्रत्येक टाक्याला बघा. गोंडा लावायचा असेल तर टिचबटणाने लावा, म्हणजे टोपी उलटताना काढता येईल.

इतर मापं

लहान मुलांसाठी ६० टाके घाला आणि टाके कमी करताना थेट दुसऱ्या घट फेरीपासून सुरू करा. मोठ्या घेराला ८४ टाके, आणि सुरुवातीला कंसातलं ५ वेळा असणारी एक जादा घट फेरी व तीन साध्या.

धुणे

पहिल्या धुण्याआधी गडद लोकरीचा एक तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून बघा. रंग जात असेल तर टोपी गार पाण्यात झटपट धुवा, भिजत ठेवू नका. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढा. ॲक्रिलिकवर इस्त्री किंवा वाफ अजिबात नको. वीण कायमची चपटी होते आणि सगळा फुगीरपणा जातो. टोपी दोरीवर चिमट्याला लावली तर लांबुडकी होते. सावलीत, कोरड्या टॉवेलवर, हाताने गोलाकार देऊन आडवी वाळत घाला, आणि वरची बाजू वाळली की उलटून दुसऱ्या रंगाची बाजू वर करा.